प्रोग्रॅमच्या पोटात बंद केलेली यादी

"कंप्युटर कधी चुकत नाही" असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं सणकतं. चुकतो तो. मी चुकवलाय. आणि त्या चुकीला बाहेरच्या कुणाचा हात लागू नये म्हणून तिला कुलूपही मीच घातलंय.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. सांगलीत कंप्युटरचा डिप्लोमा करून मी साताऱ्याला एका वधूवर सूचक केंद्रात नोकरीला लागले होते. केंद्र चालवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणायचे. त्यांच्याकडे चौदाशेच्या वर फॉर्म फायलींत पडलेले. कराड, विटा, सांगली अशा शाखा, आणि शिवाय एक जीप. ही जीप बाजाराच्या दिवशी एकेका गावात जाऊन उभी राहायची. बाईंना ती सगळी स्थळं शाखांच्या कंप्युटरवर हवी होती आणि जीपमधल्या जडशीळ लॅपटॉपवरही. अट एकच होती. केंद्राबाहेर कुणाला त्यातलं एक अक्षर बदलता येता कामा नये.

"आज वय कमी करतील, उद्या उंची वाढवतील," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं पालक बघितलेत मी."

मी काय सांगितलं असेल? मोठ्या ऐटीत सांगितलं, की बाई, यादी वेगळी द्यायचीच नाही. प्रोग्रॅमच्या पोटातच बंद करून टाकते. शोधा, वाचा, पण बदलायला जाल तर काही होणार नाही. दुरुस्ती करायची तर इथं माझ्या कंप्युटरवर करायची, प्रोग्रॅम नव्यानं बांधायचा आणि सगळीकडे नव्या फ्लॉप्या धाडायच्या. बाई जाम खूश. यादी वर्षातून एकदाच, पाडव्याला निघेल असं त्यांनी ठरवून टाकलं. टायपिंगला दोन मुली आल्या, दोन महिने खटाखट बसल्या. मी शेवटी फॉर्म किती आणि नोंदी किती ते जुळवलं. जुळलं. पाडव्याला फ्लॉप्यांची पूजा झाली, पेढे वाटले, फ्लॉप्या रवाना.

त्या यादीत माझी ताई होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचं घर सांगलीजवळ माधवनगरला, वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडून दोन वर्षं झालेली. ताई घरात शिवणाचा क्लास घ्यायची. माझा डिप्लोमा त्या शिवणावर झाला, हे घरात कुणी बोलून दाखवायचं नाही, पण मला ठाऊक होतं. तिचा फॉर्म मीच हौसेनं घरून साताऱ्याला नेलेला.

तिला उंब्रजचं स्थळ आलेलं. ते यादीतून नव्हे, नात्यातून आलं होतं. मुलगा हायस्कूलला शिक्षक. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पत्रिका जुळली, आणि नंतर हा मुलगा चादरी घ्यायच्या निमित्तानं एकटाच माधवनगरला येऊन गेला. उंब्रजला काय चादरी मिळत नाहीत? मी सुट्टीला घरी होते, आम्ही आठवडाभर ताईला त्या चादरींवरून छळलं. ती रागवायची आणि हसायची. मी तिला तसं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं. साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची राहिली होती.

आणि उंब्रजहून निरोप आला, मुलीला मंगळ आहे आणि तुम्ही तो लपवलात.

ताईच्या पत्रिकेत मंगळ नव्हता. वडील पत्रिका काखेत मारून उंब्रजला गेले. मुलाच्या आईनं ती हातातही घेतली नाही. बाजाराच्या दिवशी जीप तिथं आलेली, चावडीसमोर माणसं लॅपटॉपभोवती गोळा झालेली. कुणीतरी मजा म्हणून ताईचं नाव काढायला लावलं. मंगळ: आहे.

"आवं, पत्रिका काय, कोनबी लिवून देतंय," मुलाच्या आई वडलांना म्हणाल्या. "कंप्युटरात कोन हात घालनार? आन तुमची धाकटी तितंच कामाला हाय म्हनं. आता बदलून आनाल तुमी."

मी रविवारची घरी आलेली. वडील उंब्रजहून येऊन हे सांगत होते तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन पहिल्यांदा फाईल उपसली. ताईचा फॉर्म सापडला. 'मंगळ' पुढे दोन चौकटी, 'आहे' आणि 'नाही'. ज्याला नाही तो दोन्ही चौकटी रिकाम्या सोडतो, नसलेला मंगळ उगाच कशाला लिहा, ही आपल्या लोकांची पद्धत. ताईनंही सोडलेल्या. आणि 'आहे' च्या चौकटीत तांबडा ठिपका.

कुंकू होतं ते. नवा फॉर्म फायलीत जायच्या आधी बाई त्याला हळदकुंकू लावायच्या, एकही चुकवायच्या नाहीत. एरवी ते वरच्या कोपऱ्यात लागायचं. ताईनं तिथं स्वतःचा फोटो चिकटवलेला, म्हणून बाईंचं बोट खाली सरकलं. टायपिंगच्या मुलीनं चौकटीत तांबडी खूण बघितली आणि 'आहे' करून मोकळी झाली. तिचं तरी काय चुकलं?

मी फॉर्म बाईंसमोर आपटला. म्हणाले, आजच्या आज यादी दुरुस्त करते, फ्लॉप्या मी स्वतः नेऊन देते, एसटीनं फिरते. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"एकीचं बदललं की उद्या शंभर जण दारात उभे राहतील. आणि तुझ्या बहिणीचंच पहिलं बदललं, तर लोक काय म्हणतील? पुढच्या पाडव्याला बघू."

"बाई, तोवर तिचं लग्न मोडेल."

"बदलता येणार नाही असं तूच सांगितलं होतंस ना? मी ते सगळ्या शाखांना लिहून कळवलंय."

माझेच शब्द, माझ्याच तोंडावर. संताप बाईंचा आला, त्या जीपचा आला, चावडीसमोर फुकटची करमणूक करून घेणाऱ्या रिकामटेकड्यांचा आला. आणि स्वतःचाही आला, कारण "तिला मंगळ नाही हो" हे मी असं काही ओरडून सांगत होते की जणू मंगळ असलेल्या मुली माणसंच नव्हेत. त्या यादीत तशा कितीतरी होत्या. त्यांच्यासाठी मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

मी फॉर्म पर्समध्ये घातला आणि न विचारता उंब्रजला गेले. मुलाच्या आई सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या. मुलगा शाळेत होता. मी कोण ते सांगितलं, प्रोग्रॅम मीच बनवला आणि चूक माझीच आहे हेही सांगितलं, आणि फॉर्म पुढे केला. त्यांनी बोट ओलं करून त्या ठिपक्यावरून फिरवलं. कुंकू बोटाला आलं. खाली चौकट कोरी निघाली. त्यांनी बोट पदराला पुसलं.

"खरं हाय तुजं, पोरी," त्या म्हणाल्या. "मला पटलं. पर समद्या गावानं वाचलंय त्ये. मी कुनाकुनाच्या दारात जाऊन ह्यो कागद दावू? आन उद्या माज्या पोराला नुसता ताप आला तरी लोक हिच्याकडंच बोट दावत्याल. तिलाच तरास."

"मावशी, मुलाला तरी विचारा."

"इचारलं. आय म्हनंल तसं, म्हनला."

चादरी घ्यायला येताना आईला विचारलं होतंस का रे, असं तोंडावर आलेलं. तो समोर नव्हता म्हणून गिळलं.

तिथून तशीच माधवनगरला गेले. ताई मशीनवर ब्लाऊजची बाही जोडत होती. मी सगळं सांगितलं. कुंकू, बाई, उंब्रज, सगळं. ती पाय न थांबवता ऐकत होती. शेवटी मी म्हणाले, ताई, तुझ्या नावापुढं असलं काही पडलंय हे मला स्वप्नातही वाटलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

पाडव्यानंतर आठच दिवसांनी ती सांगलीच्या शाखेत गेली होती. धाकटीनं काय बनवलंय ते बघायला. तिथल्या माणसाला हौसेनं स्वतःचंच नाव काढायला सांगितलं होतं.

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "तेव्हाच बोलली असतीस तर जीप उंब्रजला जायच्या आत मी काहीतरी केलं असतं. फ्लॉप्या फोडल्या असत्या. नोकरी सोडली असती. तुला कुणी शहाणपणा करायला सांगितला होता?"

"तुझी पहिली नोकरी ती. म्हटलं, आपल्याकडे पत्रिका आहे की. पत्रिकाच बघतील."

मला तिचा इतका राग आला की मी बाहीचं कापड ओढून खाली टाकलं. तिनं ते वाकून उचललं, झटकलं आणि पुन्हा सुईखाली धरलं.

"आणि मला वाटलं, तू बघितलंच असशील," ती म्हणाली. "माझं नाव तू एकदाही काढून बघितलं नाहीस?"

"नाही," मी म्हणाले.