पिवळा कॅन दोन नंबर पुढे

"ताई, रडणं काढलं तर आजी फिल्ममध्ये उरतच नाहीत," अनघा म्हणाली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसली.

अनघा गिरगावची. युद्धातून जीव वाचवून पळालेल्या लोकांच्या छावणीत दोन महिने राहून तिने डॉक्युमेंटरी शूट केली होती. मी एडिटर. परळच्या स्टुडिओत तिचं फुटेज कापायचं-जोडायचं काम माझ्याकडे. फिल्ममधल्या आजी मुलाखतीला बसल्या की घर आठवून रडायच्या. निघताना त्यांनी अनघाला एकच बजावलं होतं: मला रडताना दाखवू नकोस, माझ्या गावची माणसं बघतील. अनघाने शब्द दिला होता.

प्रोड्युसरना नेमकं तेच रडणं हवं होतं, तेही सुरुवातीलाच. रेफ्युजींच्या फिल्मला लोक काय हसायला येणार आहेत का, असं मला फोनवर विचारलं. माझं डोकंच सटकलं. पण भांडून उपयोग नव्हता. सोमवारपर्यंत दुसरं काही दाखवा, नाहीतर रडणं लावा, यावर मिटलं.

मग मी रशेस, म्हणजे शूट केलेलं सगळं कच्चं फुटेज, पहिल्यापासून बघायला घेतलं. एका क्लिपवर अनघाने 'एनजी' लिहिलं होतं. नो गुड, म्हणजे बाद. पाण्याचा नळ, समोर प्लॅस्टिकच्या कॅनची रांग, माणूस एकही नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा चालू ठेवून बाईसाहेब चहाला गेल्या होत्या.

पण मी वाढले डिलाईल रोडच्या चाळीत. आमच्याकडे नळावर हंडा ठेवला म्हणजे बाई उभी आहे असंच धरायचे. मी ती रांग सोडलीच नाही. बाराव्या मिनिटाला आजी आल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि पायाने आपला पिवळा कॅन हळूच दोन नंबर पुढे सरकवला. तेवढ्यात निळ्या कॅनवाली आली आणि अशी काही जुंपली, की सबटायटलची गरजच नाही. शेवटी निळ्या कॅनवालीलाच हसू फुटलं. आजीही रुमाल तोंडाला लावून हसल्या. मी तर आधीपासूनच हसत होते.

"ही तर आमच्या चाळीतली काकू," मी अनघाला म्हटलं.

फिल्म तिथूनच सुरू केली. मग इतर बाद क्लिपाही धुंडाळल्या, त्यांत आजी आणखी दोनदा सापडल्या. सोमवारी ते बघून प्रोड्युसरनी रडण्याचा हट्ट सोडला.

दादरच्या हॉलमध्ये पहिला शो झाला. कॅन सरकला आणि अख्खा हॉल हसला. अनघा घाबरली, तिने माझा हात घट्ट धरला. पण पुढे त्याच आजी तंबूच्या दारात एकट्या बसलेल्या दिसल्या, तेव्हा कुणी खुर्चीसुद्धा वाजवली नाही. ओळख झाली होती ना. बाहेर प्रोड्युसर सगळ्यांना सांगत होते, नळाचा सीन पहिल्यापासून त्यांच्या डोक्यात होता.

फिल्म आजींना पाठवली आणि मग व्हिडिओ कॉल केला. सोबत दुभाषा होता. शब्द पाळला ना, असं अनघाने भीत भीत विचारलं. आजी बराच वेळ तावातावाने बोलल्या. दुभाषा हसू दाबत म्हणाला, "रडणं दाखवलं नाही, ते बरं केलं म्हणतात. पण त्यांचा कॅन आधीपासूनच पुढे होता."

तीस वर्षं एडिटिंग केल्यावर एवढं कळलं, की नळावरच्या भांडणात फुटेजचा काडीचा उपयोग नसतो.