भैय्याचे मंत्र कमी करताना

धारूरला गुरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागं एक खोली आहे. दर रविवारी दुपारी आम्ही तिथं खेळायला जमायचो. खेळ फाशांचा, पण सोंगट्यांचा नव्हे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि तलवार लागली की चुकली हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट सांगणारा मी. तेलगावकडच्या एका शाळेवर मास्तर आहे. डॉक्टर तलवारबाज व्हायचे, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर तिरंदाज. दोन वर्षं आमचं बरं चाललं होतं.

मग भैय्या आला. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा थोरला मुलगा. डॉक्टर त्याच्या म्हशी बघायला गेले होते, तिथं खेळाचा विषय निघाला, आणि पुढच्याच रविवारी दवाखान्यासमोर पांढरी गाडी उभी राहिली. दोन माणसं गाडीपाशी थांबली, भैय्या आत आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी मी उठून उभा राहिलो.

त्यानं जादूगार घेतला. सुरुवातीला जादूगार दुबळाच असतो. एक मंत्र टाकला की दिवसभर काठी धरून मागं राहायचं. पण लेव्हल चढत गेली की तो कुणाला आवरत नाही. भैय्याचा जादूगार उडायला लागला, भिंतीतून जायला लागला, आगीच्या एका गोळ्यात वीस राक्षस जाळायला लागला. डॉक्टरांनी तलवार काढेपर्यंत लढाई संपलेली असायची. एका रविवारी सिस्टरनी तीन तासांत एकदाच फासा टाकला. जाताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, मी आता न्हाई येणार. नुसतं बघायचं तर घरी टीव्ही हाय."

चूक माझी होती. मंत्राला तयारी लागते, मर्यादा असते. भैय्यानं एकेक नियम कशाला म्हणून विचारलं आणि मी एकेक सोडून दिला. माझी बदली त्याच्या वडलांच्या एका फोनवर होऊ शकत होती. पण भीती तेवढीच नव्हती. रागावला की तो आवाज चढवत नसे, उलट हळू बोलायचा, आणि कुणी न बोलावता बाहेरचे दोघं दारात येऊन उभे राहायचे.

तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून मी लबाडी केली. ज्यांच्यावर जादू चालतच नाही असे राक्षस आणले. पहिला गोळा वाया गेला, दुसराही. तिसऱ्या वेळी भैय्यानं फासा टाकला नाही, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिला. डॉक्टर चष्मा पुसायला लागले.

"गुरजी, चला जरा," तो म्हणाला. "गाडीत बसा."

गाडी किल्ल्याच्या रस्त्याला लागली. पुढं ते दोघं, मागं आम्ही. माझ्या चपला खोलीबाहेरच राहिल्या होत्या. बायकोला एक मेसेज करावा असं वाटत होतं, पण हात खिशाकडं जाईना. किल्ल्याच्या दरवाज्यापाशी त्यानं माणसांना गाडीतच बसवलं आणि मला घेऊन उतरला. फरशी तापली होती. पाय भाजत होते, तरी सावलीत चला म्हणायची छाती झाली नाही.

"खोटं का म्हून खेळलात?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. सिस्टर सोडून चालल्यात हेही. मग मनातले नियम सांगितले: मंत्र म्हणायला एक अख्खी फेरी लागेल, तेवढ्यात घाव बसला तर मंत्र मोडेल. गोळा दिवसातून दोनदा, उडणं एकदा. आणि चाहुलीचा मंत्र काढून टाकायचा. कुणी जवळ यायच्या आत तो जादूगाराला सगळं सांगतो, त्यामुळं कुणाला दबाच धरता येत नाही.

त्यानं वळून गाडीकडं बघितलं.

"गोळा कमी करा. उडणं कमी करा," तो म्हणाला. "चाहूल ऱ्हाऊ द्या."

मग त्यानंच हळू आवाजात सांगितलं, "वर्ष झालं, दार वाजलं की छातीत धस्स होतंय. ती दोघं वडलांची माणसं हायत. मला राखायला हायत का माझ्यावर ध्यान ठेवायला, मलाच म्हाईत न्हाई."

हे ऐकून माझी भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली. जे माझ्या कानावर पडायला नको होतं, ते पडलं होतं, आणि गाडीची काच खाली होती.

खेळाचं बोलणं अर्धं सोडता येत नव्हतं. मी म्हणालो, चाहूल ठेवू, पण कोण येतंय, कुठून येतंय ते कळणार नाही. नुसती जाग येईल.

"म्हंजी हाय तसंच की," तो म्हणाला आणि गाडीकडं वळला.

पुढचे चार-पाच महिने आमचा खेळ कधी नव्हता इतका रंगला. सिस्टर राहिल्या. एकदा भैय्याचा मंत्र मोडला तेव्हा डॉक्टरांच्या तलवारबाजानं जादूगाराला पाठीवर घेऊन पळ काढला, आणि भैय्या पोट धरून हसला. मी मात्र त्याच्यावरच्या प्रत्येक घावाचा फासा टाकताना दाराकडं बघायचो.

मग त्याचं येणं बंद झालं. डॉक्टर म्हणतात, म्हशी विकून तो पुण्याला गेला. सिस्टर म्हणतात, घरातच असतो, बाहेर पडत नाही. मी दोन-तीनदा त्याचा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. उचलला तर काय विचारायचं, आणि दुसऱ्याच कुणी उचलला तर काय सांगायचं, हे मला ठरवता आलं नाही. माझी बदली झाली नाही. रविवारी आम्ही तिघं अजून खेळतो.