उपाशी यीस्ट आणि आबांची खडीसाखर

लोणावळ्याच्या एका कॉलेजात मी अकरा वर्षं शिकवतो आणि त्यातली सहा वर्षं यीस्टला उपाशी ठेवतो.

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी ती बुरशी. खायला साखर नसली की तिची पेशी एक खास प्रथिन बनवते आणि त्याच्या मदतीने स्वतःपुरती साखर घरातच तयार करते. बाहेरून साखर मिळाली की मात्र त्या प्रथिनाचं काम संपलं! पेशी त्याच्यावर खूण चिकटवते आणि अर्ध्या तासात त्याचे तुकडे करून टाकते. साखर आल्याची ही बातमी पेशीला आत कोण पोचवतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. त्या प्रथिनाला हिरवं चमकणारं शेपूट जोडण्यातच माझी पहिली पाच वर्षं गेली. प्रथिन तुटलं की चमक जाते. जायला हवी. माझ्याकडे ती तीन प्रयोगांत तीनदा गेली नव्हती.

तिसऱ्या वेळेनंतर माझ्या मार्गदर्शक मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "दत्तात्रय, रविवारी मी स्वतः येते. डोळ्यांनी बघते. मग तुझ्या मुदतवाढीचं ठरवू."

तेव्हापासून मला जेवण जाईना. घरी बायको म्हणाली, "यीस्ट उपाशी आहे की तुम्ही?"

रविवारी सकाळी कामशेतच्या घरून स्कूटरवर निघालो तर मागे आबा. आबा म्हणजे माझे वडील. जवळच वडिवळ्याला भातशेती करतात. आदल्या दिवशी बांधावर त्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती आणि चष्म्याचं दुकान लोणावळ्यात. पण दुकान उघडणार बाराला! तोवर आबांना बसवायचं कुठं? नेलं प्रयोगशाळेत.

"हे हलतंय काय?" आबांनी डोळे बारीक करून विचारलं.

"दोन चंबू आहेत, आबा. त्यात यीस्ट आहे. जिवंत असतं ते. कालपासून उपाशी ठेवलंय. मॅडम आल्या की या निळ्या झाकणाच्या बाटलीतलं साखरेचं पाणी द्यायचं."

"कालपास्नं?" आबांचा चेहरा पडला. "का बरं? काय केलं त्यांनी?"

उत्तर देणार तेवढ्यात मॅडमचा फोन. त्यांची टॅक्सी वळवणपाशी पर्यटकांच्या गाड्यांत अडकली होती आणि अर्ध्या तासात एक वडापावची गाडी ओलांडून झाली होती. "मी आणायला येतो!" म्हणालो आणि आबांना बजावलं, "कशालाही हात लावू नका. बाथरूम उजवीकडे." (दुसरी सूचना पहिलीपेक्षा महत्त्वाची ठरेल असं मला तेव्हा वाटत होतं.)

वळवणला मॅडम मक्याच्या कणसांच्या धुरात, पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. पासष्टीच्या बाई, पुण्याच्या. स्कूटरवर बसून तीस वर्षं झालेली. त्या एका बाजूला पाय सोडून बसतायत तोवर माझा फोन वाजला.

"दत्ता, आरं ती तुझी लेकरं लय थरथरत्यात."

"आबा, ते यंत्र आहे. ते चंबू हलवतं."

"यंत्र मला दिसंना. चंबू दिसतोय. भुकंनं लटलट कापतंय बघ."

"हात लावू नका!"

"न्हाई लावत," आबा म्हणाले. पण त्या आवाजात मला काही राम वाटला नाही.

आम्ही निघालो. म्हणजे स्कूटरचं इंजिन निघालं, आम्ही तिथंच. समोर एक बस आडवी, तिच्या टपावर सहलीची पोरं नाचतायत. माझ्या पाठीतून घाम निघाला होता आणि मॅडमनी आधारासाठी माझा शर्ट धरला होता, त्यामुळे तो त्यांनाही कळत होता. पुन्हा फोन वाजला. मी तो मागे दिला. मॅडमनी स्पीकर लावला.

"दत्ता, म्या दिलं बघ खायला. एकालाच दिलं. दुसऱ्याला पुरंना."

मी ब्रेक दाबला. (आम्ही तसेही उभेच होतो.) सहा वर्षं! सहा वर्षांची मेहनत आबांनी एका मिनिटात संपवली!

"आबा, मी दत्तात्रयची मॅडम बोलतेय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही काय दिलंत?"

"नमस्कार, मॅडम. खडीसाखर दिली. माझ्या खिशातली. मूठभर."

"निळ्या झाकणाची बाटली होती ना तिथे?"

"व्हती की. पण लेकरांना द्यायच्या आदी चाखून बघाय नको का? चाखली. थू! खारट! मीठ हाय त्यात. उपाशी पोटी मीठ कुणी देतं व्हय?"

साखरेचं पाणी खारट कसं लागेल? आबांनी बाटली दुसरीच उचलली होती! प्रयोगशाळेत निळ्या झाकणाच्या सहा बाटल्या होत्या. आबांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही. त्या सहांपैकी दोनांवर कवटीचं चित्र होतं! मुदतवाढ, पीएच.डी., यीस्ट, सगळं डोक्यातून उडालं आणि फक्त आबा उरले, त्या स्टुलावर एकटे बसलेले.

"मॅडम, ते काहीतरी भलतंच प्यायले!" मी ओरडलो. बसच्या टपावरची पोरं नाचायची थांबली.

"आबा, तोंडाची आग होतेय का? मळमळतंय?" मॅडमचा आवाजही आता बदलला होता.

"न्हाई. भूक लागलीय जरा."

मी स्कूटर फुटपाथवर घातली. एका चिक्कीवाल्याच्या पाट्या, दोन सेल्फीवाली जोडपी आणि एक पोलीस यांच्यामधून ती कशी गेली ते मला आजही सांगता येणार नाही. पोलिसाने शिट्टी वाजवली, तर मॅडम मागून ओरडल्या, "त्याचे वडील आहेत हो!" त्याने काय समजून घेतलं देव जाणे, पण पुढचा रस्ता त्यानेच मोकळा करून दिला.

तरी पोचेपर्यंत अर्धा तास उलटलाच. आबा स्टुलावर खुशाल बसले होते. मी त्यांची जीभ बघितली, डोळे बघितले, नाडी धरली. "बाटली दाखवा!" त्यांनी चंबूंशेजारच्या, माझ्या साखरेच्या बाटलीकडेच बोट केलं. कवटीवाल्या दोन्ही बाटल्या दूर, कुलपात होत्या. कुलूप मीच लावलं होतं आणि विसरलो होतो.  डोळ्यांत पाणी आलं, ते घामात खपून गेलं.

मॅडमनी तोवर दोन्ही चंबूंतला एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. एक पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला. मग म्हणाल्या, "दत्तात्रय, ये. बघ."

उपाशी चंबूतल्या पेशी हिरव्यागार चमकत होत्या. आबांनी खाऊ घातलेल्या पेशी काळोख्या. प्रथिन गेलं होतं! सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही खिशातल्या तंबाखूचा चुरा लागलेल्या खडीसाखरेने!

"मग माझ्या साखरेने का जात नव्हतं?" मी विचारलं.

 मॅडमनी निळ्या झाकणाच्या बाटलीतले चार थेंब परीक्षानळीत घेतले आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. दह्यासारखा पांढराशुभ्र साका. मीठ ओळखायची ही चाचणी मी दर वर्षी बारावीच्या मुलांना शिकवतो. जो चुकेल त्याला उभं करतो.

दिवाळीत मी दोन पांढऱ्या पावडरींच्या बरण्या धुऊन पुसून त्यांच्यावर नव्या, सुबक अक्षरातल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. अदलाबदल करून. नंतरच्या तिन्ही प्रयोगांत मी भुकेल्या जिवांना मीठ पाजलं आणि ते साखर ओळखत नाहीत म्हणून त्यांच्यावरच संशय घेतला.

"दत्ता, म्या काय चुकीचं केलं का?" आबांनी हळूच विचारलं.

"नाही, आबा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सोडून बाकी सगळं चुकलं."

दुसऱ्या चंबूत मॅडमनी मला खरी साखर घालायला लावली. तीसुद्धा आधी तपासून. दर पाच मिनिटांनी नमुना, लगेच बर्फात. चमक पायरीपायरीने उतरत गेली. मुदतवाढ मिळाली. आबांना चष्मा मिळाला.

प्रबंध लिहिताना मी 'प्रयोगपद्धती'त प्रामाणिकपणे लिहिलं: 'साखर (चव घेऊन खात्री केलेली).' मॅडमनी कच्च्या प्रतीवर तो कंस लाल पेनाने खोडला. मला हायसं वाटलं. मग समासात बघितलं, तर तिथे लिहिलं होतं: 'संशोधकाचं नाव चुकलंय. वडिलांचं घाल.'