निघायची जागा

आमच्या बटनवालीला दुसऱ्याच्या हाताकडे बघण्याची खोड होती. समोरचा बोलत असला तरी तिची नजर त्याच्या बोटांवर. ती माझ्या धाकट्या जावेची, शांताची लेक. मोबाइलच्या ॲपमध्ये काय कुठे असावं हे ठरवण्याची तिची पुण्यात नोकरी. म्हणून आमच्या गावी, मोताळ्यात, तिचं नाव बटनवाली पडलं.

घरी आली की नवं ॲप आधी माझ्या हातात. मी चौथी शिकलेली. "मोठीमाय, तुले जमलं का साऱ्यांले जमलं," म्हणायची आणि माझ्या अंगठ्याकडे बघत बसायची. बाजारभावाच्या ॲपमध्ये मी अडकले, तर तोंड तिचंच उतरलं. "तू नाही चुकली, मी चुकली. बटन मंग बसवाचं असते. मानूस कुठं अडखळंल, हे आधी पाहाचं."

मग तिने कंपनी बदलली. त्या उन्हाळ्यात तिने मला रंगीत मण्यांचा खेळ दिला. "खेळू नोको. फक्त बाहेर निंगून दाखव."

मला बंद करायची फुली सापडेना. जिथे दाबावं तिथे खेळ पुन्हा सुरू. मी फोन खाटेवर टाकला. "हे काय भुताटकी हाय वं?"

"नाही न सापडलं?" तिचं तोंड उजळलं होतं. मी अडकले आणि ती खूश झाली, असं कधी झालं नव्हतं.

"मानसानं निंगूच नाही का?"

"निंगाले जागा ठेवा लागते, मोठीमाय. पन ती लवकर सापडाले नाही पाह्यजे."

तो खेळ शांताच्या फोनमध्ये कधी शिरला, कळलं नाही. ती पौर्णिमेला विहारात येईना. डोळे लाल. एके दुपारी धूर दिसला म्हणून धावले, तर गॅसवर पातेलं जळून काळं झालेलं आणि ही शेजारी बसून मणी जुळवत होती. "निंगताच येत नाही वो बाई," म्हणाली. मी तिच्या लेकीला पुण्याहून बोलावून घेतलं.

ती आली, तिने ते पातेलं पाहिलं. शांताने फोन पुढे केला. "पोरी, हे बंद कुठून करतेत?"

पोरीचा अंगठा न बघता एका कोपऱ्यात गेला. खेळ बंद. फोन तिने परत आईच्या हातात ठेवला.

"तिले जागा दाखव न," मी म्हणाले.

"दाखवून काय फायदा? पुढच्या महिन्यात जागा बदलते."

सकाळच्या गाडीने ती गेली. आता ती माझ्या हातात काही देत नाही. माझा अंगठा कुठे जातो ते तिला पाठ झालं आहे. शांताचा गॅस मीच बंद करून येते. त्याचं बटन अजून जागेवर आहे.