घोड्याच्या रेकॉर्डची चाल

साताऱ्यात पोवई नाक्यापासून थोडं आत, सायकलच्या दुकानाला लागून राजरत्नचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. तुम्ही कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, तो आठवड्यात भरून द्यायचा. भीमगीतं, भावगीतं, लग्नातली गाणी, काय लागेल ते. पण त्याचा जीव होता इंग्रजी रॉकवर. आता तुम्ही म्हणाल, साताऱ्यात रॉक कोण ऐकतंय? अहो, ऐकत होते! मोजके होते, पण असे कडवे की अल्बमवरून चहाच्या टपरीवर भांडणं व्हायची आणि चार-चार दिवस अबोला चालायचा.

ह्या सगळ्यांचा गुरू राजरत्न. त्याचे वडील सोपान पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळं कान घरातूनच आलेला. बोलायचा असा, की समोरच्यानं वहीत उतरवून घ्यावं. "गिटारवाला सोडून गेला तवाच त्यो बँड मेला. पुढं नुसती वरात." झालं! कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजापासून सांगलीपर्यंत तेच मत फिरायचं. 'रत्नदा म्हणालेत' म्हटलं की वाद मिटायचा. ह्या एका वाक्यावर माणूस जगत होता म्हणा ना. दुकान काय, जेमतेम चालायचं.

आणि त्याच्याकडं होती घोड्याची रेकॉर्ड. पाकिटावर काळा घोडा, म्हणून सगळे तिला तेच म्हणायचे. सोपान शहाऐंशी साली रिटायर होताना पुण्याच्या जुन्या बाजारातून ती घेऊन आले होते. सातारा-सांगलीत ती दुसऱ्या कुणाकडं नव्हती. ज्यानं ज्यानं तो अल्बम ऐकला, त्यानं राजरत्नच्या हातानं भरलेल्या कॅसेटवर ऐकला. शेवटचं गाणं लागलं की पोरं मान खाली घालून बसायची. राजरत्न ते कुणाला दोनदा ऐकवायचा नाही. म्हणायचा, "पोट भरून ऐकायची चीज न्हाई ती."

माणूस चांगला, पण एक खोड होती. हेवा! दुसऱ्याकडं नवा डेक आला की ह्याला जेवण गोड लागायचं नाही. बायको माया झेडपीच्या शाळेत शिकवायची, ती म्हणायची, "तुम्हाला ताप आला की मी विचारते, कुणी काय घेतलं?"

कळस केला तो शहाण्णव सालानं. तासगावच्या पृथ्वीराजच्या घरची द्राक्षं परदेशी जायला लागली. पोरगं चोवीस वर्षांचं, मालासोबत हॉलंडला जाऊन आलं, आणि येताना सीडीचं मशीन आणि घोड्याच्या अल्बमची सीडी घेऊन आलं. साधी नाही, रीमास्टर केलेली. ही बातमी आणली नाथाजी हवालदारानं. फौजेत असताना अंबाल्याला त्याला ह्या गाण्यांचा नाद लागलेला, रिटायर झाल्यापासून तो दुकानात रोज हजेरी लावायचा.

"रत्नदा, ह्यो रीमास्टर कंचा? आमच्यात ड्रिल मास्तर असायचा, बँड मास्तर असायचा."

"मूळ टेप काढत्यात आन् धुऊन-पुसून परत नवी करत्यात," राजरत्न म्हणाला. "एका मास्तरानं काढलेलं चित्र दुसऱ्यानं गिरवायचं. काय गरज हाय का?"

बोलला खरं, पण हातातली कॅसेट उलटीच डेकात घालायला लागला. पृथ्वीराज! अकरावीत असताना ह्याच दुकानाच्या पायरीवर बसून ज्यानं पहिली कॅसेट भरून घेतली, ज्याला ड्रम कुठला आणि बास कुठला हे ह्यानं बोट धरून शिकवलं, तो पोरगा! ह्याला ऐकायला मी शिकवलं आणि खरी वस्तू ह्याच्या घरात? दोन दिवस राजरत्न मायाशी धड बोलला नाही. तिनं विचारलं, "कुणी काय घेतलं?" तर ताटावरून उठला.

पृथ्वीराजनं सगळ्यांना रविवारी घरी बोलावलं. राजरत्न, नाथाजी आणि कराडच्या कॉलेजात शिकवणारी क्रांती असे तिघं एसटीनं तासगावला गेले. पृथ्वीराज फाट्यावर घ्यायला आलेला. "दादा, तुमी आल्याबिगर मी मशीन लावलंबी न्हाई," म्हणाला. हे ऐकून दुसरा कुणी विरघळला असता. राजरत्नच्या मनात आलं, बघा, मिरवायला माणसं पाहिजेत.

मशीन लागलं. आणि खरं सांगतो, पहिल्या गाण्यालाच राजरत्नच्या अंगावर काटा आला. खरखर नाही, सुईची चरचर नाही. ड्रमवाल्याची काठी झांजेवरून निसटते तेसुद्धा कळत होतं. इतकी वर्षं काचेपलीकडून बघितलेली माणसं जणू घरात येऊन बसली. नाथाजी "आयला!" म्हणाला. क्रांतीनं डोळे मिटले. राजरत्न जळत होता. एवढा की काही तरी खोट सापडू दे, एक तरी सापडू दे, असं तो चक्क मागत होता.

आधीची गाणी दणदणाटाची, त्यांत चाल कुणाच्या ध्यानात आली नाही. शेवटचं गाणं लागलं, आणि सापडली.

"थांब," तो म्हणाला. "ह्ये संथ हाय."

सगळ्यांनी कान टवकारले. खरंच की! गाणं रेंगाळत होतं. गाणाऱ्याचा आवाजही थोडा जाड वाटत होता.

"व्हय गड्या," नाथाजी म्हणाला, "आपल्या कॅसेटवर पळतंय कसं."

"रत्नदा, मलाही पहिल्यापासून काही तरी खटकत होतं," क्रांती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तेव्हा कळलं."

मग काय, राजरत्नला जोर चढला. "हीच ती मास्तरकी! आवाज धुतला आन् जीव काढून टाकला. घोडा व्हता, त्याचा बैल केला." सगळे हसले. पृथ्वीराजही हसला, पण कसनुसा. तो सीडीच्या डबीतला कागद चाळत होता.

"दादा, हितं तर सहा मिंटं धा सेकंद छापलंय. मशीनवरच्या आकड्यातबी तेवढंच दिसतंय."

"छापणाऱ्याला काय कळतंय रं? कान हाय का कागदाला?"

 पृथ्वीराजनं सीडी डबीत घातली. हौसेनं आणलेल्या वस्तूला चारचौघांत नाव ठेवल्यावर तोंड उतरतं तसं त्याचं तोंड उतरलं होतं. परतीच्या एसटीत राजरत्न खिडकीशी बसून शीळ घालत होता. घरी पोचल्यावर मायालाही वाटलं, असा खूष हा कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

पण तो कागद डोक्यात राहिला. सहा मिनिटं दहा सेकंद म्हणे! पृथ्वीराजला पत्रानं कळवावं, की मूळ गाणं किती वेळाचं आहे ते मी मोजून सांगतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं घोड्याची रेकॉर्ड लावली आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. भरली पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. खुशीत त्यानं पत्र लिहायला घेतलं, आणि पाकिटावरचं गाण्याचं नाव नीट उतरवून घ्यावं म्हणून चष्मा लावला. नावापुढं बारीक अक्षरात वेळ छापली होती. सहा मिनिटं दहा सेकंद.

इतकी वर्षं पाकीट हातात होतं, वेळ कधी वाचलीच नव्हती.

त्यानं परत मोजलं. तेच. मग मशीनचं झाकण काढलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पंच्याऐंशी साली तबकडी फिरवणारा रबराचा पट्टा तुटला होता. साताऱ्यात तसला मिळेना, म्हणून ह्यानं शेजारच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणून तिची पट्टी कापून, टोकं चिकटवून बसवली. तेव्हा केवढी फुशारकी मारलेली! ट्यूब मूळ पट्ट्याहून जाड. जाड पट्टा म्हणजे तबकडी जास्त वेगानं फिरणार, हे कळायला काही इंजिनिअरिंग कॉलेज लागत नाही. अकरा वर्षं त्याचं मशीन पळत होतं, आणि त्याच्या कॅसेटी ऐकून अख्खा सातारा, कराड, सांगली, तासगाव मागं पळत होतं.

त्यानं पुण्याहून नवा पट्टा मागवला. बसवला आणि शेवटचं गाणं लावलं. गाणारा माणूस आता घाईत नव्हता. एकेक शब्दावर थांबत होता, श्वास घेत होता. ते दुःखाचं गाणं होतं हे राजरत्नला त्या दिवशी कळलं. तो डोकं धरून बसला. पश्चात्ताप नंतरचा, आधी हेवाच आला बघा. हे असं, बरोबर चालीत, पृथ्वीराजनं त्याच्या आधी ऐकलं होतं.

मायाला त्यानं सगळं सांगितलं.

"मग सांगून टाका सगळ्यांना," ती म्हणाली.

"सांगू? मंग माझ्याकडं ऱ्हायलं काय? कान एवढाच हाय माझ्याकडं."

"आणि त्या पोराचं काय? तो बिचारा चांगली वस्तू घेऊन खोटा ठरला."

तीन आठवडे राजरत्न तळमळला. नाथाजी दुकानात येऊन नव्या गिऱ्हाइकांना 'घोड्याचा बैल'वाला किस्सा रंगवून सांगायचा, आणि प्रत्येक वेळी ह्याला मिरच्या झोंबायच्या. शेवटी त्यानं ठरवलं. सगळ्यांना दुकानात बोलावायचं, नव्या पट्ट्यावर रेकॉर्ड लावायची आणि कबूल करायचं. नाव जाईल तर जाऊ दे. आणि ठरवल्यावर त्याला बरं वाटलं. एवढंच नाही, थोडा अभिमानही वाटला. असं कबूल करायला छाती लागते, ती पृथ्वीराजकडं कुठली?

रविवारी सगळे जमले. पृथ्वीराज बेदाण्याची पिशवी घेऊन आला. चहा झाला. राजरत्ननं घसा साफ केला, आणि तेवढ्यात पृथ्वीराज उभा राहिला.

"एक सांगायचं हाय. मशीन पुण्याला दावून आलो. माझंच मशीन मंद फिरत व्हतं. सीडीत खोट न्हाई. पर दादांचा कान बघा! मेकॅनिकला यंत्र लावून कळलं ते ह्यांनी नुसतं ऐकून सांगितलं."

"वा रे वा!" नाथाजीनं मांडी थोपटली. क्रांतीनं टाळ्या वाजवल्या.

 सीडीचं मशीन मंद फिरत नसतं. ते नीट वाजतं, नाही तर बंद पडतं. हे राजरत्नला ठाऊक होतं, आणि पृथ्वीराजलाही ठाऊक होतं, मशीनं कशी चालतात ते राजरत्ननंच शिकवलं होतं त्याला. म्हणजे पोराला सगळं कळलं होतं. कधी, कसं, कोण जाणे; कागदावरचे आकडे बघतानाच कळलं असेल. आणि कळूनही तो चारचौघांत उभा राहून खोटं बोलला होता.

"खोटं हाय!" राजरत्न ओरडला. "त्याचं मशीन चांगलं हाय. माझंच पळत व्हतं. अकरा वर्सं. ट्यूब बसवली व्हती मी सायकलची!"

 नाथाजीनं डोळे पुसले.

"बघा," तो क्रांतीला म्हणाला, "ह्याला म्हंत्यात मोठा माणूस. पोराचं तोंड पडू नये म्हणून सोताच्या अंगावर घेतोय."

"आवं, खरं सांगतुया मी! ट्यूब दावतो तुमाला!"

"असू द्या, रत्नदा," क्रांती मायेनं म्हणाली. "कळलं आम्हाला."

तो ट्यूबचा तुकडा शोधायला लागला, तर मायानं तो कधीच टाकून दिला होता. नाथाजीनं बाहेर जाऊन आणखी एक चहा सांगितला. पृथ्वीराज मान खाली घालून चपलेशी चाळा करत होता.

राजरत्न त्याच्याजवळ गेला. त्याच्या दंडाला धरून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "एवढं तरी मला पयलं करू द्यायचं व्हतंस रं."