उलट्या बाजूच्या दोघी

"मॅडम, तुमचा प्रॉब्लेम सुटला," सोनवणे सर रिंकच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाले. त्यांच्यामागे एक सडपातळ मुलगी उभी होती. खांद्यावर स्केट्सची बॅग, आणि आपण कोणाचा तरी प्रॉब्लेम सोडवलाय याचा चेहऱ्यावर पत्ताही नाही. "ही काव्या. सटाण्याची. डावखुरी आहे."

सोनवणे सर आमच्या संघटनेचे सेक्रेटरी. सातपूरला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. योग्य पार्ट योग्य जागी बसवला की मशीन चालतं, यावर त्यांचा गाढ विश्वास. माणसांच्या बाबतीतही तोच.

मी नाशिकमध्ये इनलाइन हॉकीची कोच आहे. हॉकी म्हटलं की लोकांना हिरवं मैदान आठवतं. आमची हॉकी चाकांवर. गुळगुळीत फरशी, भोवती कंबरेएवढा कठडा, आणि बॉलच्या जागी प्लास्टिकची चपटी चकती, तिला पक म्हणतात. एक गोलकीपर आणि चार खेळाडू. त्यातले दोन पुढे, दोन मागे. मागच्या दोघी म्हणजे डिफेंडर. एक डावीकडे, एक उजवीकडे. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

आता प्रॉब्लेम. क्रिकेटची बॅट धरताना उजव्या बॅट्समनचा उजवा हात खाली असतो. आमची मुलं-मुली स्केट्स घालायच्या आधी गल्लीत बॅट धरून वाढलेली. म्हणून हॉकीची स्टिकही तशीच धरतात, आणि स्टिकचं ब्लेड अंगाच्या उजव्या हाताला येतं. उजव्या डिफेंडरला हे सोयीचं. समोर तोंड करून उभी राहिली की कठडा उजवीकडे, ब्लेडही उजवीकडे. डाव्या डिफेंडरचा कठडा डावीकडे आणि ब्लेड भलतीकडेच. कठड्यालगत आलेला पक तिला हात आडवे टाकून, ब्लेडच्या पाठीने, म्हणजे बॅकहँडने घ्यावा लागतो. अंगण झाडताना भिंत नको त्या हाताला आली की खराटा कसा अडखळतो, तसंच. इंग्रजीत याला ऑफ साइडला खेळणं म्हणतात. पण हा शब्द ऐकला की क्रिकेटवाले आणि फुटबॉलवाले दोघेही मला आपापला नियम समजावायला बसतात, म्हणून मी सरळ उलटी बाजू म्हणते.

आमच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या टीममध्ये या उलट्या बाजूला मृण्मयी खेळायची. सिन्नरची. वडील तिथल्याच एमआयडीसीत. त्यांची शिफ्ट जमली तर बाइकवर, नाही तर एसटीने ती रोज नाशिक गाठायची. जिद्दी पोरगी. पण समोरच्या प्रत्येक टीमला माहीत होतं की नाशिकविरुद्ध पक डावीकडे कठड्यालगत मारायचा. तो तिच्या बॅकहँडला यायचा, निसटायचा, आणि गोल. वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. या वर्षी राज्याच्या टीममध्ये नाव आलं नाही, तर पुन्हा संधी नव्हती. हे तिला माहीत होतं, मलाही. त्यावर आम्ही दोघी कधी बोलत नव्हतो.

उजवीकडची जुनी डिफेंडर वयोगटातून बाहेर पडली होती, त्यामुळे एक जागा रिकामीच होती. सोनवणे सरांचं गणित सरळ होतं. डावखुरी काव्या डावीकडे, मृण्मयी तिच्या हक्काच्या उजव्या बाजूला. दोघींचे कठडे आणि ब्लेडं जुळली. कागदावर मलाही हे पटलं. मृण्मयीला सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की लगेच वडिलांना फोन लावला.

काव्या भलतीच दंगेखोर मुलगी निघाली. सटाण्यात रिंक नाही. ती कांद्याच्या मार्केट यार्डात स्केटिंग शिकली होती. सुट्टीच्या दिवशी लिलाव बंद असतो, पण ट्रॉल्या, क्रेट आणि गोण्या तिथेच असतात. त्यांच्यामधून वाट काढत ही पोरगी फिरायची. स्टाइल अशी की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. पण पडायची नाही.

दोघींना नव्या जागा देऊन आम्ही आमच्याच मुलांच्या टीमशी सराव सामने सुरू केले, आणि सगळ्यांची धुंदी उतरली. उलट्या बाजूला मृण्मयी खायची त्याहून जास्त गोल ती सुलट्या बाजूला खायला लागली. पक तिच्या मागे कोपऱ्यात गेला की ती वळायची, धावायची आणि तिथे पोचून चक्क अडकायची. डावीकडे काव्याचंही तेच, फक्त ती हसत गोल खायची. सोनवणे सर म्हणाले, सवय व्हायला वेळ लागेल. मी मान डोलावली. वेळ होता कुठे? दिवाळीनंतर लगेच स्टेट, म्हणजे राज्य स्पर्धा होती.

एका सकाळी मृण्मयीने स्टिक आणून माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली.

"मॅडम, डावीकडं नव्हतं जमत, तेव्हा वाटायचं बाजू उलटी आहे म्हणून. आता बाजू सरळ आहे, तरी नाय जमत. म्हणजे बाजूचा दोष नाय. माझाच आहे."

मला खूप वाईट वाटलं. पण कोचने वाईट वाटलेलं दाखवायचं नसतं. मी तिला म्हटलं, आज सराव नको, नुसते राउंड मार, स्टिक आणि पक घेऊन. मला विचार करायला वेळ हवा होता, आणि तिला राग काढायला जागा.

तिने राग काढला. कठड्याला चिकटून ती सुसाट फिरत होती, पक पुढे ढकलत. प्रत्येक कोपऱ्यावर पायावर पाय टाकत वळत होती. आम्ही याला क्रॉसओव्हर म्हणतो, वेग न सोडता वळायची ही पद्धत आहे. पक एकदाही निसटला नाही. मी बघतच राहिले. हीच का ती पोरगी, जी काल कोपऱ्यात अडकत होती?

मग लक्षात आलं. ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होती. आमच्याकडे सगळेच तसे फिरतात. हॉकीत येणारी प्रत्येक मुलगी आधी स्पीड स्केटिंग करते, आणि स्पीडच्या शर्यती घड्याळाच्या उलटच असतात. मी स्वतः लहानपणापासून तसेच राउंड मारलेत. असं फिरताना वळण नेहमी डावीकडे आणि कठडा नेहमी उजव्या हाताला. तिचं ब्लेडही उजव्या हाताला.

"मृण्मयी, आता उलटी फिर."

ती वळली. पहिल्याच कोपऱ्यावर पाय अडखळले, पक कठड्याला घासून मागे राहिला.

मी तिथेच फरशीवर खडूने रिंक काढली. डिफेंडर समोर तोंड करून उभी असते तोवर कठड्याचं गणित सोनवणे सरांचं. पण पक तिच्या मागे गेला की ती आपल्या गोलकडे तोंड करून धावते. माणूस उलटा फिरला की डावा कठडा उजवीकडे येतो, हे आम्ही सगळे शहाणे विसरलो होतो. डावीकडून मागे धावणाऱ्या मृण्मयीला कठडा उजव्या हाताला मिळणार आणि गोलच्या मागून जाणारं वळणही डावीकडचं, म्हणजे तिच्या रोजच्या राउंडचंच. उजवीकडून मागे धावली तर दोन्ही गोष्टी विरुद्ध. मग इतके दिवस डावीकडे गोल का खाल्ले? कारण पक मिळाल्यावर मी तिला तिथल्या तिथे वळून कठड्याच्या कडेने पुढे काढायला लावत होते, आणि वळली की कठडा परत तिच्या बॅकहँडला. पुस्तकात तसंच आहे.

नवा नियम केला. पक घेतला की थांबायचं नाही. तसंच गोलच्या मागून फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. तिथे कठडा पुन्हा उजव्या हाताला येतो.

आता काव्या. तिचं सगळं आरशातल्यासारखं, म्हणून तिला उजवीकडे टाकायला हवं होतं. पण मग तिला घड्याळाच्या दिशेने वळावं लागणार, आणि ते आमच्या एकाही मुलीला जमत नव्हतं. मी तिला विचारलं, कुठल्या बाजूला वळणं सोपं जातं.

"माले दोन्हीकडे सारखंच शे, मॅडम," ती म्हणाली. "ट्रॉली जिकडे उभी असेल तिच्या दुसरीकडे वळायचं."

सोनवणे सर संध्याकाळी आले आणि दोघींना बघून कठड्यालाच धरून उभे राहिले. "मॅडम, दोन्ही उलट्या लावल्यात. स्टेटला लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, स्टेटला आपले सामने बघायला आई-वडिलांशिवाय कोण येतं, सर. त्यांनी नाराजीने मान हलवली. पण अर्ध्या तासाने, मुलांच्या टीमला एकही गोल करता आला नाही तेव्हा, त्यांनी सगळ्यांसाठी वडापाव मागवला.

स्टेट पुण्याला होती. पहिल्याच सामन्यात समोरचे कोच ओरडायला लागले, तिच्या डावीकडे मारा, ती उलटी बाजू आहे. त्यांच्या मुलींनी मारला. मृण्मयी मागे वळली, धावता धावता पक उचलला आणि गोलच्या मागून फिरून बाहेर. कोच आणखी जोरात ओरडले. त्यांनी जितका डावीकडे मारला, तितकी ती खुलत गेली. आम्ही सेमीफायनलपर्यंत गेलो. तिथे एका गोलने हरलो आणि तिसऱ्या जागेचा सामना उरला.

त्याआधी निवड समितीचे एक सर माझ्याकडे आले. म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण चुकीच्या बाजूला खेळतेय. या सामन्यात तिला उजवीकडे उतरवा. मला तिची खरी बाजू बघायची आहे."

मी त्यांना खडूचं सगळं सांगून पाहिलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग मी मृण्मयीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, थोडा वेळ खेळ उजवीकडे. निवड त्यांच्या हातात आहे.

ती स्केट्सचे बंद आवळत होती. वर न बघता म्हणाली, "उजवीकडं मी खराब खेळणार, मॅडम, आणि ते तेवढंच बघणार." मग उठली आणि सरळ त्या सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, मी डावीकडंच खेळते. तुम्हाला उजवीकडची पाहिजे असेल तर दुसरी कोणी घ्या."

मला तिचा अभिमान वाटला आणि तिला धरून हलवावंसंही वाटलं. सिन्नरहून आलेले वडील कठड्यापलीकडे उभे होते, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. सरांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि जाऊन बसले. ती डावीकडे खेळली. आम्ही तिसरे आलो. मग बक्षीस समारंभ, भाषणं आणि हारतुरे झाले.

शेवटी राज्याच्या टीमची नावं वाचली, त्यात मृण्मयीचं नाव होतं. तिचे वडील दोनदा मला विचारायला आले की आपलीच ना. काव्याचं नव्हतं, पण तिला अजून दोन वर्षं होती आणि त्या वेळी ती मृण्मयीला उचलून धरायच्या नादात होती. सोनवणे सर तोवर शेजारच्या माणसाला सांगत होते की दोघींना उलट्या बाजूला लावायची आयडिया मूळची आपली.

निघताना मी निवड समितीच्या त्या सरांना गाठलं. म्हटलं, तुम्हाला तर ती चुकीच्या बाजूला वाटत होती.

"अजूनही वाटते," ते म्हणाले. "पण काय करू? प्रत्येक जिल्ह्याने आपली सगळ्यात चांगली डिफेंडर उजवीकडेच खेळवलीय. माझ्याकडे उजवीकडे आठ जणी आहेत. डावीकडे खेळायचंय असं स्वतःहून म्हणाली ती ही एकटी."

तेव्हापासून कोणी पालक मुलीला हक्काची जागा द्या म्हणून आले की मी त्यांना आधी विचारते, त्या जागेसाठी रांग किती मोठी आहे ते बघितलंत का?