पाच किलोंचे मामा

घराबाहेर पडताना आमचे मामा देवाआधी काट्याला नमस्कार करत. विट्याच्या त्यांच्या घराच्या चौकटीला स्प्रिंगचा एक काटा कायमचा टांगलेला असे. त्याला खाकी पिशवी अडकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे बारीक करून आकडा बघायचा आणि पाच किलोंच्या वर काटा रेघभर सरकला तरी पिशवीतून काहीतरी बाहेर काढायचं. साबणाची वडी सुरीनं कापून अर्धी घरी ठेवताना मी त्यांना पाहिलं आहे. या पाच किलोंवर ते चार-चार महिने देशभर हिंडून येत. आणि दर वेळी मामी दाराशी उभ्या राहून विचारत, "आवं, ह्या खेपंला मी येऊ का?" मामा काट्याकडं बोट दाखवत आणि निघून जात.

तीस वर्षं मामांनी दक्षिणेतल्या एका शहरात गलाईचं दुकान चालवलं. जुनं सोनं आटवायचं, भेसळ काढायची आणि शुद्ध किती उरलं ते सांगायचं. पोरानं दुकान हातात घेतलं तसे मामा मोकळे झाले, पण खोड गेली नाही. सोनं नाही तर नाही, ते सामान आटवू लागले. "भाच्या, आटवल्याबिगार खरं किती हाय ते कळत न्हाई," असं मला ऐकवत. कंगवा त्यांनी मधोमध मोडून घेतला होता, कारण केसही अर्धेच उरले होते. लुंगी एकच. तीच टॉवेल, तीच चादर, आणि वेळ आली तर तीच खिडकीचा पडदा.

सत्तरीला टेकलेला हा माणूस तालमीत वाढलेला. पहाटे शंभर जोर आणि दोनशे बैठका झाल्याशिवाय चहा नाही, मग मुक्काम कुठंही असो. "सामान वाढलं की माणूस बसतो, आन बसला की सुटतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य ते माझ्या पोटाकडं बघून म्हणत. उत्तरेत कुठल्याशा स्टेशनवर गाडी तीन तास उशिरा होती म्हणून त्यांनी फलाटावरच बैठका सुरू केल्या. एक पोलीस हटकायला आला आणि उरलेल्या बैठका मोजून देऊन गेला म्हणे. म्हणे अशासाठी, की या प्रसंगाला साक्षीदार फक्त मामाच.

आता पाच किलोंत माणूस चार महिने कसा राहतो, याचं गुपित आम्हा नातेवाइकांना ठाऊक होतं. देशात असं मोठं शहर शोधून सापडायचं नाही जिथं विट्याकडचा गलाईवाला दुकान थाटून बसलेला नाही. मामा थेट त्याच्या दारात उतरत. मग उशी त्याची, बादली त्याची, चार्जर त्याचा आणि भाकरी त्याच्या बायकोची. "लॉजवर उतरतो त्यो परवासी न्हवं, गिऱ्हाईक," असं वर तत्त्वज्ञान.

त्यांचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा सांगलीला आमच्याकडं असे. कुपवाडच्या कारखान्यातून मी संध्याकाळी घरी यावं, तर मामा माझा टॉवेल गुंडाळून, माझ्या स्लिपर घालून, माझ्याच खुर्चीत बसून कमीत कमी वस्तूंत कसं जगावं ते माझ्या बायकोला समजावत असत. समोर वाटीभर शेंगदाणे, गूळ, चार उकडलेली अंडी आणि तांब्याभर दूध. हा खुराक. तो काट्यावर येत नसे. ते गेल्यावर बायको म्हणे, "मामांची पिशवी पाच किलोंची, पण ते गेले की आपलं घर तेवढंच हलकं होतं." तरी पुढच्या खेपेला शेंगदाणे तीच आधी भाजून ठेवायची. खरं सांगायचं तर मामा आले की आमचं घर हसायचं.

मामींचं ओझं मात्र कुणी मोजलं नाही. गलाईच्या पैशातून बांधलेलं दुमजली घर, सात कपाटं, गच्चीवरची टाकी, तुळस, वीजबिल आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. मामांना थंडी वाजली की फोन यायचा, "स्वेटर धाड." विट्याहून निघालेल्या कुणाच्या तरी हाती मामी स्वेटर धाडत. ऊन पडलं की तो तसाच परत येई, जड होतो म्हणून. एकदा माझ्यादेखत त्या हसत म्हणाल्या, "ह्यांच्या पिशवीत जे न्हाई, ते समदं माझ्या घरात हाय." पण हसताना त्यांचं लक्ष रस्त्याकडं होतं. बरोबर नेण्याचा विषय निघाला की मामांचं उत्तर मात्र तयार असे. फलटणच्या एका लग्नाला मामींनी दोन दिवसांसाठी चार पिशव्या नेल्या होत्या, त्यातली एक निव्वळ लोणच्याची. "तुजं सामान पंधरा किलोच्या खाली यायचं न्हाई," हे त्या दिवसापासून दगडावरची रेघ झालं.

गेल्या दिवाळीनंतर मामींनी मला विट्याला बोलावून घेतलं. मी नाश्त्याच्या आशेनं गेलो. मामांची पिशवी काट्याला लागली, पाच किलो भरली, उतरली. तेवढ्यात मामी आतून कापडी पिशवी घेऊन आल्या आणि त्यांनी ती काट्याला अडकवली. चार किलो.

मामांनी काटा बोटानं ठोकून बघितला. मग पिशवी ओसरीवर उपडी केली. दोन साड्या, ब्लड प्रेशरच्या गोळ्या, फणी. आणि मामांचा स्वेटर, मामांच्या गुडघ्याचं तेल, मामांचा जादा चष्मा, मामांचं पोटाचं चूर्ण.

"ह्यात माजं किती?" मामांनी विचारलं.

"निम्मं," मामी म्हणाल्या. "तुमी फोन करून मागवायचाच की. म्हनून आदीच घेतलं."

"आन चालायला जमंल तुला?"

"दोन वरसं झाली, रोज गच्चीचा जिना वीस डाव चढती-उतरती. तुमी गावात असता कवा बघायला?"

मामा पायरीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना असं टेकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बराच वेळ ते स्वेटरच्या बाहीशी चाळा करत राहिले. मग शेवटचा हुकमी पत्ता टाकल्यासारखं म्हणाले, "आन घर?"

मामींनी कंबरेचा जुडगा सोडला आणि माझ्या हातावर ठेवला. नाश्ता मिळाला नाही.

त्याला आता पाच महिने झाले. दर रविवारी मी सांगलीहून विट्याला गाडी मारतो, खिडक्या उघडतो, तुळशीला पाणी घालतो, टाकी भरतो. आमच्याकडं शेंगदाणे भाजणं बंद झालं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. परवा फोनवर मामा म्हणाले, "लय हलकं वाटतंय गड्या. हिचं चालणं माज्यापेक्षा दणकट हाय." मी मामींना विचारलं, परत कधी येणार? त्या म्हणाल्या, "घरात काय राहिलंय आमचं? तू हायस की तितं."

काटा अजून चौकटीलाच आहे. फोन ठेवल्यावर सहज म्हणून मी किल्ल्यांचा जुडगा त्याला अडकवला. सहाशे ग्रॅम. इतकी वर्षं तो मामींच्या कंबरेला होता आणि मामांनी एकदाही तो काट्याला लावून बघितला नव्हता.